पाद्रीसाहेबांची सुभक्ती

पाद्री शामुवेलराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी मेहकरच्या माझ्या कचेरीत तुंबलेल्या गटाराविषयी नगरपालिकेला आणखी एक पत्र लिहीत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, “वकीलसाहेब, पाद्रीबाबा गेले न हो.” मी त्याच्यावरच खेकसलो, जणू त्यांच्या मरणाचा हुकूम त्यानेच काढला होता... पुढे शोकसभेत त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या एका कारभाऱ्याने सांगितले की गृहस्थ सज्जन, पण धर्माच्या बाबतीत जरा ढिले. हे विधान खोटे आहे, आणि त्याविरुद्ध साक्ष देण्यास मी बांधलेला आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, तेव्हाची आमची ओळख. मी हिंदू, त्यातही देवळात क्वचितच जाणारा. तरी त्यांच्या ओसरीवर चहा घेत शास्त्रार्थ करायला मला आवडे. ते ग्रीक शिकलेले. ख्रिस्ती शास्त्रात ‘युसेबिया’ असा एक शब्द आहे, मराठीत त्याला सुभक्ती म्हणतात, असे त्यांनी एकदा सांगितले. मी लगेच व्याख्या मागितली. ते हसले. “डोळे मिटून बसणं नव्हे, वकीलसाहेब. ज्याचा जो मान, तो त्याले वागण्यातून देणं. देवाले देवाचा, मायबापाले मायबापाचा.” व्याख्या फार सैल आहे, अशी हरकत मी घेतली.

त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला होता, आईने नाही. म्हातारपणी तिला त्यांनी डोणगावहून आपल्याकडे आणले, तेव्हा तिच्यासोबत तिची संकष्टीही आली. चंद्र पाहिल्याशिवाय ती जेवत नसे, आणि डोळे तर गेलेले. मग पाद्रीसाहेब अंगणात उभे राहून तिच्या वतीने चंद्र पाहत. एकदा आभाळ भरले होते. पंचांगातली वेळ टळून गेली, आता जेवू द्या म्हातारीला, असे मी सुचवले. आतून म्हातारी कडाडली, “पंचांगाले डोये असतात काय बे? शामू, तू पाह्यला काय?” ते म्हणाले, “नाही, माय.” आणि ढग सरेपर्यंत तेही उपाशी राहिले.

ही गोष्ट मंडळीत पोचली. पाद्री चंद्र पुजतो, असा बोभाटा झाला. म्हातारीला डोणगावला परत धाडा, नाहीतर पद आणि राहते घर सोडा, असे पंचांनी बजावले. मी संतापून मुद्देसूद कैफियत तयार केली. त्यांनी ती घडी घालून मला परत दिली. “कायद्यानं तुम्ही जिंकाल हो. पण माह्यापायी पोराले वकील लावा लागला, असं मायले वाटंन.”

पंचांच्या बैठकीत मी मागच्या बाकावर बसलो होतो, मला बोलण्याची मुभा नव्हती. शामुवेलरावांनी ग्रीक भाषेतले बायबल उघडले. त्यातल्या एका पत्रात विधवांविषयी लिहिले आहे की त्यांच्या मुलानातवंडांनी ही सुभक्ती आधी आपल्या घरात शिकावी; तिथे तोच ग्रीक शब्द क्रियापद होऊन आला आहे, एवढे त्यांनी दाखवले. “मी चंद्राची वाट पाहत नाही. माय जेवायची वाट पाहतो.” तेवढ्यात मार्थाबाई नावाची एक वृद्ध विधवा उठली. “माहा पोरगा मुंबईले राह्यते. चंद्र राहू द्या, माय जेवली काय हे बी तो इचारत नाही. अन् जो इचारते, त्याले तुमी काढून राह्यले?”

विषय तिथेच संपला. निकाल लेखी द्यावा म्हणून मी पंचांना पुढे कितीतरी पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर नाही. तो राग अजून गेलेला नाही.

म्हातारी त्यांच्याच घरी, त्यांच्या हातचे शेवटचे पाणी पिऊन गेली. तरी संकष्टीला त्यांचे बाहेर पडणे थांबले नाही. माझी पत्नीही संकष्टी करी, पण आमच्या घरासमोर दुमजली इमारत उठली होती, तिच्याआड चंद्र फार उशिरा दिसे. ते मोकळ्या मैदानातून परत येताना रस्त्यावरून माझ्या पत्नीला हाक देत, “वहिनी, दिसला हो. जेवून घ्या.”

परवा संकष्टी होती. पत्नी पान वाढून बसली होती. पंचांगाप्रमाणे वेळ झाली आहे, असे मी दोनदा सांगितले. ती हलली नाही... मी वहाणा घातल्या आणि मैदानावर गेलो. बराच वेळ उभा होतो. मग परत येऊन, घरात न शिरता, रस्त्यावरूनच हाक दिली.