बाकाजवळचं वळण

माझ्या हातात ड्रिल मशीन देऊ नये, असं आमच्या घरात सर्वांचं मत आहे. सर्वांचं म्हणजे बायकोचं. पण त्या रविवारी सकाळी ती बहिणीकडे गेली होती आणि समोरच्या बिऱ्हाडातून मागून आणलेलं मशीन टेबलावर पडलं होतं. मला भिंतीवर एक फोटो टांगायचा होता. फोटो माझाच, कुठल्याशा समारंभातला. त्यात व्यासपीठावरचे सगळे हसताहेत आणि मी एकटा डोळे मिटून बसलोय. तरी तो टांगावासा वाटला, यावरून माणसाच्या स्वभावाची कल्पना यावी.

भोक पाडण्याआधी भिंत बोटांच्या पेरांनी ठोकून बघावी, असं कुणीतरी सांगितलेलं आठवत होतं. मी डॉक्टरसारखा कान लावून भिंत तपासली. ठक्, ठक्ठक्, ठक्. पुन्हा जरा वर. ठक्, ठक्ठक्, ठक्. आवाज सगळीकडे सारखाच. पेशंट ठणठणीत आहे असं ठरवून मी मशीन लावलं. भिंतीतून आधी कोरडा भुगा आला, मग ओला भुगा आला, आणि मग माझ्या चष्म्यावर सरळ पाण्याची चिळकांडी.

मी भोकावर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर घरात पूर, नाही काढला तर उरलेलं आयुष्य त्या भिंतीपाशी. एवढ्यात लोटलेलं दार उघडलं आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी बाई आत आली. चाळिशीची असेल. केसात पेन्सिल खोचलेली, पायांत चप्पल नाही. तोवर आमचं बोलणं 'लिफ्ट बंद दिसतेय' याच्यापलीकडे गेलेलं नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आधी माझ्याकडे बघितलंच नाही; खोलीभर बघितलं, दाराआड बघितलं, जणू इथे आणखी कुणी असायला हवं होतं. मग तिची नजर माझ्या अंगठ्यावर आली आणि चेहरा एकदम उतरला.

"तुम्ही आहात होय," ती म्हणाली.

माझ्या घरात मी असल्याबद्दल इतकं निराश झालेलं माणूस मी बायको सोडून दुसरं पाहिलेलं नव्हतं.

"काका, मेन कॉक कुठेय?"

"कसला कॉक?"

ती सरळ स्वयंपाकघरात गेली, ओट्याखाली वाकली, आणि माझ्या अंगठ्याखालचं पाणी मेल्यासारखं गप्प झालं. परत येऊन तिने भिंतीवर तळहात ठेवला आणि हळूहळू सरकवला. "पाइप बाथरूममधून वर चढलाय. इथून तिरका गेलाय. तिरका कशाला टाकला कुणास ठाऊक. टाकणाऱ्याला घरी जायची घाई असणार."

"तुमच्याकडे पाणी उतरलं का हो?" मी ओशाळून विचारलं.

"अजून नाही. उतरेल."

आणि ती गेली. दुपारी बायको आली. तिने जमीन पाहिली, भिंत पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाली, "फोटो अजून टांगला नाहीस ना? मग निम्मं नुकसान वाचलं म्हणायचं."

पाणी खाली उतरलं ते संध्याकाळी. मग ती सकाळीच, पाण्याच्या आधी, अनवाणी वर का धावत आली होती? हा प्रश्न मला पडला, पण तेव्हा मी गुन्हेगार होतो आणि गुन्हेगारानं प्रश्न विचारायचे नसतात.

पुढच्या रविवारी रंगाऱ्याच्या खर्चाचं बोलायला मी खाली गेलो. घर आमच्यासारखंच, भिंतीखाली भिंत, तशाच खोल्या, पण इतकं शांत की आपण मोठ्यानं बोललो तर कुणी झोपेतून उठेल असं वाटावं. ती एकटी राहायची. टेबलावर दोन मोठे स्क्रीन. शेजारच्या फळीवर एक छिन्नी आणि एक हातोडा. हातोड्याचा दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला, पण धूळ कुठे नाही.

"बाबांचा," मी बघतोय हे बघून ती म्हणाली. "बसा काका. छताकडे नका बघू सारखं. तिथे डाग आहे, पळून जाणार नाही."

"तू करतेस काय?" मी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"इमारती बांधते. बांधायच्या आधी."

आपण अडाणी आहोत हे लपवायला माणूस मान डोलावतो तशी मी मान डोलावली. तिला ते कळलं. "बरं, मला सांगा, तुमच्या फोटोचा खर्च किती आला?"

मी बोटांवर मोजू लागलो. प्लंबर. पाइप गाठायला पलीकडच्या बाथरूमच्या फरशा फोडल्या, तो गवंडी. तशा फरशा आता मिळत नाहीत म्हणून सगळ्या बदलल्या, त्या फरशा. आमचा रंग. तिचं छत.

"आणि खिळा?"

"खिळा फुकट. जुन्या डब्यातला."

"हेच माझं काम," ती म्हणाली. "तो खिळा आधी माझ्या कॉम्प्युटरमध्ये ठोकायचा. अख्खी इमारत इथे उभी असते, भिंतीच्या पोटातल्या पाइपांसकट, तारांसकट. खिळा पाइपला लागला की दोन्ही लाल होतात. क्लॅश म्हणतात त्याला. मग खिळा वीतभर सरकवायचा. खर्च काय? एक क्लिक. बीआयएम म्हणतात या सगळ्याला, पण नाव सोडा. मोठ्या इमारतीत असे हजारो खिळे असतात. हवेचा डक्ट बीममध्ये घुसतो, ड्रेनेजचा पाइप जिन्यावरून जाणाऱ्याच्या टाळूवर उतरतो. पूर्वी हे कळायचं सगळं बांधून झाल्यावर. मग फोडा, पुन्हा बांधा, तोवर बाकीची माणसं बसून राहणार, त्यांचा पगार चालू. इमारतीचा पैसा विटांत कमी आणि अशा फोडाफोडीत जास्त जायचा."

"आणि फोडायला कोण यायचं?"

तिने फळीकडे हनुवटी केली.

तिचे बाबा तोडकामवाले होते. बांधकामावर चूक झाली की त्यांना बोलावणं यायचं. उभी भिंत पाडायची, ओतलेल्या काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, कुणीतरी विसरलेल्या पाइपला वाट करून द्यायची. हातोडा उचलण्याआधी ते भिंत ठोकून बघायचे. ठक्, ठक्ठक्, ठक्. आत लोखंड कुठे आहे, पोकळ कुठे आहे, हे ऐकून मगच पहिला घाव. घरी आल्यावर केसांत पांढरी धूळ, आणि चेहऱ्यावर हसू असलं तर आई लगेच विचारायची, "आज कोण चुकलं?"

"मोठा साहेब चुकलाय," बाबा पाय धूत सांगायचे. "जिना उलटा बसवलाय गं! महिनाभर तरी पोरीच्या फीची काळजी नाही."

"म्हणजे बघा काका," ती हसत म्हणाली, "मी इंजिनिअरांच्या चुकांवर वाढलेली मुलगी. त्या उलट्या जिन्यावरून चढून मी कॉलेजात गेले."

तिने पहिलं मॉडेल घरी उघडून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "आता कुणी चुकणारच नाही?"

"कमी चुकतील."

"मग माझ्यासारख्यानं खायचं काय?"

"बाबा, तुम्ही रिटायर झालात."

"हां, ते राहिलंच." आणि दोघं पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. आयुष्यभर गिळलेली धूळ छातीत जाऊन बसली होती.

आई गेल्यावर ते दिवसभर घरात एकटे असायचे. म्हणून एकदा तिने त्यांना कामावर सोबत नेलं. सरकारी दवाखान्याची जुनी इमारत आतून पालटायची होती. त्या इमारतीचे नकाशे कुठेच धड नव्हते, त्यामुळे आधी मशीननं मोजायची होती. तीन पायांवर उभं राहणारं ते मशीन गरागरा फिरतं, चहूकडे प्रकाश फेकतं आणि प्रकाश जिथे जिथे आपटतो तिथला एकेक ठिपका टिपून घेतं. ठिपक्याठिपक्यांनी अख्खी खोली उभी राहते. त्या वेळी खोलीत माणूस नसावा. कुणी चालत गेलं तर धुराचा फराटा उमटतो. आम्ही त्याला भूतच म्हणतो, असं ती म्हणाली आणि मी उगाच खुर्ची पुढे सरकवली.

"बाबांना म्हटलं, बाहेर थांबा. ते म्हणाले, इथलं निम्मं तोडकाम मी केलंय, मला बाहेर काढतेस? कॉरिडॉरच्या टोकाला बाक होता. तिथे जाऊन बसले. म्हणाले, तू मोज, मी हलत नाही." तिने माउस पुढे ओढला. "मग खरंच हलले नाहीत."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

ती स्क्रीनकडे वळली. दवाखाना उघडला. करड्या ठिपक्यांचा तो कॉरिडॉर दोन्ही बाजूंनी आमच्या अंगावरून मागे सरकू लागला. दारं होती, दारांमागे अंधार होता. खिडक्या होत्या, खिडक्यांबाहेर काहीच नव्हतं. जग खिडकीच्या चौकटीपाशी संपत होतं. पावलांचा आवाज नाही आणि तरी आपण चालतोय. टोकाला बाक आला. बाकावर माणूस बसला होता. गुडघ्यांवर हात, मान जराशी भिंतीकडे कललेली. डोळे नव्हते, चेहऱ्याच्या जागी ठिपक्यांचं धुकं होतं, पण कान भिंतीला लावून तो काहीतरी ऐकतोय हे दिसत होतं.

मी म्हणालो, "नमस्कार."

माझ्या तोंडून ते कसं निघालं मला सांगता येणार नाही. ती हसली नाही.

"सगळे फराटे पुसायचे असतात," ती म्हणाली. "आमच्यात त्याला कचरा म्हणतात. बाबांनाही पुसून पाहिलं एकदा."

"मग?"

तिने एक बटण दाबलं. माणूस गेला. पण त्याच्यामागे प्रकाश पोचलाच नव्हता, त्यामुळे भिंतीत एक भोक राहिलं होतं. काळंभोर. खांदे, कललेली मान, गुडघे, सगळं अगदी त्यांच्याच आकाराचं. तिने घाईघाईनं पुन्हा बटण दाबलं आणि बाबा परत येऊन बसले. त्यांच्या येण्यानं मला एवढं हायसं वाटेल असं वाटलं नव्हतं.

"आता हे बघा." तिने नवीन काम उघडलं. गच्चीवरून थंड हवेचा जाड, चौकोनी डक्ट सरळ खाली येत होता, मजल्यामागून मजला, आणि तळमजल्यावर नेमका बाकावर उतरत होता. डक्ट लाल झाला होता. बाबाही छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल झाले होते.

"क्लॅश," मी म्हणालो.

"शेवटचा. बाकी सगळे मिटवले. शुक्रवारी मॉडेल द्यायचंय."

बोलता बोलता तिचा फोन वाजला. तिच्या साहेबांचा. तिने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"अहो बाई, तो कॉरिडॉरचा एक क्लॅश अजून दिसतोय. काय आहे तिथे?"

"स्कॅनमधलं काहीतरी आहे सर."

"कचरा आहे ना? मग झाडून टाका! डक्ट सरळ आला पाहिजे. वाकवला की पत्रा जास्त, मजुरी जास्त, हवा ढकलायला वीज जास्त, आणि ती वीज इमारत असेपर्यंत. हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हीच सगळ्यांना शिकवता."

"बघते सर."

फोन बंद झाला. आपण काहीतरी शहाणपणाचं बोललं पाहिजे असं मला वाटलं, आणि असं वाटलं की माझं हमखास चुकतं. "एक प्रत घरी ठेव ना काढून," मी म्हणालो. "तिथलं पुसून टाक."

"प्रत आहे काका. प्रत घरात राहील. तिथे काय राहील?" ती हातोड्याकडे बघत होती. "साहेब खरं बोलतात, तोच तर त्रास आहे. विनाकारण वळण म्हणजे लोकांच्या पैशाचा चुराडा. दवाखाना आहे तो. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर जगले, पण स्वतः कधी चुकले नाहीत. भिंत ऐकल्याशिवाय घाव घातला नाही. आणि मी त्यांच्याच नावानं, डोळ्यांदेखत चूक करू? पण सरळ उतरवायचा म्हटलं की माउसवरचा हात उचलत नाही. दिसतंय ना तुम्हाला कुठून जातोय तो?"

दिसत होतं.

निघताना दारात मी अखेर विचारलं, "त्या दिवशी तू वर का धावत आलीस? पाणी तर आलं नव्हतं."

"तुम्ही भिंत वाजवत होतात," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी जिना चढून वर आलो आणि तो फोटो माळ्यावर टाकला.

त्या आठवड्यात खालून माउसच्या टिकटिकीशिवाय आवाज आला नाही. बायको डबा घेऊन गेली, तर ती दार उघडून एवढंच म्हणाली, "काकू, वरच्या मजल्यावर पाइपांची अख्खी रांगच चुकलेली सापडली." ती सांगत होती दवाखान्याचं, काकूंना वाटलं, आमच्याच मजल्यावरची. वर येऊन बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेलो नाही. शुक्रवार आला, गेला. पुढे काय ठरलं ते मी विचारलं नाही. आमच्या छताचं, म्हणजे तिच्या छताचं, रंगकाम झालं. डाग मात्र पुन्हा हळूहळू वर आला.

दवाखाना तयार झाल्यावर बायकोच्या गुडघ्याच्या निमित्ताने आम्ही तिथे गेलो. ती तपासणीला आत गेली आणि मी फिरत फिरत त्या कॉरिडॉरमध्ये आलो. आता ठिपके नव्हते. चकचकीत फरशी, माणसं, पावलांचे आवाज. तरी माझी पावलं आपोआप हळू झाली. टोकाशी डक्टची पांढरी पेटी वरून खाली येत होती. छताखाली आली, आणि तिथे गर्दीत कुणाला धक्का लागू नये म्हणून आपण अंग चोरतो तशी एका बाजूला सरकली, आणि बाजूनंच खाली जमिनीत गेली. जिथून ती सरळ उतरायची तिथे भिंतीलगत एका माणसापुरती जागा मोकळी होती. शेजारी दवाखान्यानं नवा बाक टाकला होता.

"सगळे विचारतात हो, हे असं का केलंय," तिथला वॉर्डबॉय म्हणाला. "कंत्राटदार तर सांगत होता, अख्ख्या कामात एकदाही छिन्नी लावावी लागली नाही, वरच्या मजल्यावर त्याचे बक्कळ पैसे वाचले. मग इथेच कशाला उधळले?"

तो गेल्यावर मी बाकावर टेकलो. सबंध बाक रिकामा होता, तरी मी अगदी कडेला बसलो. हात आपोआप मागे गेला. ठक्, ठक्ठक्, ठक्. आणि मग मी, इतका बोलका माणूस, बायको येईपर्यंत गप्प बसून ऐकत राहिलो.

घरी आल्यावर चप्पल न काढता खाली गेलो. ती कुठल्याशा नव्या इमारतीत शिरली होती.

"काय गं," मी म्हणालो, "दवाखान्यात जाऊन आलो. मला शिकवत होतीस ना, विनाकारण वळण म्हणजे पैशाचा चुराडा? मग तो डक्ट तिथे काहीच नसताना वळला कसा?"

तिने स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"बाबा बसलेत तिथे."