फुमिको-सानची पाळी

मी गाडी पार्क केली. सीटबेल्ट काढताना शैलजा मावशी म्हणाल्या, "आज तिचा मुलगा येतोय, रुचा. आज तिच्या तोंडून एक तरी गाणं निघालं पाहिजे."

ती म्हणजे फुमिको-सान; जपानीत 'सान' म्हणजे आपलं 'जी'. वय नव्वदच्या पुढे. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरजवळच्या एका वृद्धनिवासात राहतात. अमेरिकन सैनिकाशी लग्न करून तरुणपणी जपानहून आल्या, त्या परत गेल्या नाहीत. आयुष्यभर इंग्रजी बोलल्या. गेल्या वर्षापासून ते इंग्रजी गळत चाललं होतं. उरलं होतं ते जपानी, आणि त्या इमारतीत जपानी कुणालाच येत नव्हतं.

शैलजा मावशींना येत होतं. मावशी मूळच्या नागपूरच्या. त्यांच्या यजमानांची, अरुणकाकांची, नोकरी जपानमधल्या नागोयाच्या एका मशीनच्या कारखान्यात होती. मावशींचं तरुणपण तिथे गेलं. भाषा शिकल्या त्या कराओकेच्या पडद्यावर. गाणं पुढे सरकतं तशी अक्षरं एकेक करून रंगत जातात. ती रंगणारी अक्षरं बघत त्या वाचायला शिकल्या. काका गेल्यावर मुलीकडे, नेत्राकडे, न्यू जर्सीला आल्या. नेत्राच्या घरात जपानीचा काही उपयोग नव्हता. दर गुरुवारी दुपारी मात्र होता. मावशींना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून शेजारी राहणारी मी नेते. साहित्यात एम.ए. केलेल्या मुलीला इथे दुपारी वेळ असतो.

खेळ मावशींनीच जुळवला होता. जपानमध्ये शब्दांच्या भेंड्या खेळतात. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, म्हटलं की 'रा'वरून राजिओ, म्हणजे रेडिओ. मग 'ओ'वरून पुढचा. मावशींनी त्यात शब्दांच्या जागी गाणी घातली. शाळेतली गाणी, युद्धानंतरची, टीव्हीवरची, अगदी हल्लीचीसुद्धा. तिकडे सम्राट बदलला की युगाचं नाव बदलतं. मावशी गाणं सुरू करताना आधी युगाचं नाव सांगायच्या, आपण रागाचं सांगतो तसं. एकदा झालेलं गाणं पुन्हा घ्यायचं नाही. हा नियम नागपूरलाही होता आणि नागोयालाही.

एक फरक होता. मावशींनीच मला सांगितला होता.

"आपल्याकडे समोरच्याचं अक्षर मिळालं की झडप घालायची. दुसरी ओळसुद्धा म्हणू द्यायची नाही. मी तर नंबर एक होते. आमच्या घरी उन्हाळ्यात माझ्या विरुद्ध पार्टीत बसायला कुणी तयार नसायचं. नागोयात पहिल्याच दिवशी शेजारणीचं गाणं मी असं तोडलं. कुणी काही बोललं नाही गं. सगळ्या नुसत्या हसल्या. आणि ती बाई महिनाभर गायली नाही. तिकडे गाणं पुरं होऊ देतात. टाळ्या वाजवतात. मग पुढचा."

गेले काही गुरुवार फुमिको-सान गप्प होत्या. मावशी एकट्याच दोन्ही बाजूंनी गात होत्या.

दारातच नैना भेटली. ती तिथल्या कार्यक्रमांची व्यवस्था बघते. आईवडील मुंबईचे, जन्म इथला. मराठी समजते, बोलते तुटक.

"मावशी, त्यांचे सन रॉबर्ट आलेत. पेपर्स पण आणलेत," ती हळू म्हणाली. "डॉक्टरनी लिहिलंय, शी डझन्ट रिस्पॉन्ड टू एनीवन. ते आज साइन केलं तर मंडेला वरच्या डिमेन्शिया फ्लोअरला शिफ्ट."

"आणि मी वर येऊ शकते?"

"नाही ना. वर लॉक्ड आहे. फक्त फॅमिली."

"आणि फॅमिली तिकडे लांब ओहायोला."

नैनाने मान डोलावली.

"म्हणजे तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं कुणी उरणार नाही," मावशी म्हणाल्या. "मग ती खरंच उत्तर देणार नाही. कुणाला देईल?"

"आय नो, मावशी. म्हणूनच मी त्यांना थांबवलंय. म्हटलं, एकदा गेम बघा. प्लीज, आज काहीतरी होऊ दे."

खोलीत फुमिको-सान खिडकीशी बसल्या होत्या. गुडघ्यांवर निळी शाल. शेजारी रॉबर्ट. साठी ओलांडलेला, उंच, थकलेला माणूस. मांडीवर फोल्डर, हातात पेन. तो उठून उभा राहिला. हात मिळवला. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

"माझ्याशी ती सहा महिने बोललेली नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "मला ओळखते की नाही तेही माहीत नाही. तुमचा वेळ वाया जाईल."

"माझ्याकडे वेळ आहे," मावशी म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची ओढली, फुमिको-सानसमोर बसून मान लववली आणि युगाचं नाव सांगितलं. मग शाळेतलं एक गाणं म्हटलं. पुरं म्हटलं. शेवटचं अक्षर हलकेच समोर ठेवलं.

काही नाही.

दुसरं गाणं. युद्धानंतरचं. फुमिको-सान खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर एक माणूस पाइपने कुंड्यांना पाणी घालत होता.

तिसरं. मावशींचा आवाज कोरडा पडला. रॉबर्टने फोल्डर उघडलं. घाईने नाही. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे अशा माणसासारखं.

आणि फुमिको-सान गायला लागल्या.

आवाज आला तेव्हा तो कुणाचा ते मला कळलंच नाही. बारीक, पण सुरात. बंदराबद्दल काहीतरी होतं. 'मिनातो' एवढा एक शब्द मला येत होता. रॉबर्टची मान वर आली. पहिली ओळ झाली. 'नो'वर येऊन सूर टेकला.

"नो!" मावशी ओरडल्या, आणि तिथेच पुढचं गाणं सुरू केलं.

नागपूर. उन्हाळा. झडप.

फुमिको-सान थांबल्या. मावशींकडे बघितलं. तोंड मिटलं. नंतर त्या हसल्या. तेच हसणं असणार, नागोयातलं.

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. नैनाने भिंतीकडे पाहिलं. रॉबर्ट म्हणाला, "ठीक आहे. निदान आवाज तरी ऐकला." त्याने पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मावशी म्हणाल्या.

त्या खुर्चीवरून उठल्या आणि खाली, गालिच्यावर, गुडघे मोडून बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात. जिना चढताना त्या कठडा सोडत नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकले, कपाळ खाली नेलं आणि जपानीत काहीतरी म्हटलं. छोटंसं वाक्य होतं, माफीचंच असणार. मग तशाच बसून राहिल्या.

बाहेर पाइपचं पाणी बंद झालं. रॉबर्टने घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. मला वाटत होतं की मावशींनी काहीतरी करावं. ओळ सुचवावी, बोट धरावं. त्यांनी काही केलं नाही. त्या वाट बघत होत्या. इतका वेळ शांत बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

फुमिको-साननी शाल नीट केली. घसा साफ केला.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, पुढचं कडवं. मध्ये एकदा अडल्या. मावशींचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. फुमिको-साननी आपली आपण ओळ शोधली आणि पुढे गेल्या.

तेव्हा मला दुसरा आवाज ऐकू आला. रॉबर्ट गुणगुणत होता. शब्द नव्हते, नुसती चाल.

गाणं संपलं. मावशींनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही सगळ्यांनी.

"तिची बहीण तिला जपानहून बोटीने रेकॉर्डी पाठवायची," रॉबर्ट कुणाकडेच न बघता म्हणाला. "छोट्या रेकॉर्डी. हे गाणं किचनमध्ये लागायचं. मी स्टुलावर बसायचो."

फुमिको-साननी हात पुढे केला. मावशींकडे नाही, रॉबर्टकडे.

"यो," त्या म्हणाल्या.

त्याला कळलं नाही. त्याने मावशींकडे पाहिलं.

"तुमची पाळी आहे," मावशी गालिच्यावरून म्हणाल्या. "यो-वरून गाणं."

"मला एकही येत नाही. मला हे एकच माहीत आहे."

हात तसाच पुढे होता. मागे जात नव्हता. रॉबर्टचा चेहरा लाल झाला. शेवटी त्याने तेच गाणं धरलं. बंदराचं. शब्द मोडके, उच्चार चुकीचे. पहिली ओळ कशीबशी पूर्ण केली.

फुमिको-साननी मान हलवली. नाही. मग अगदी स्पष्ट, शाळेतल्या बाईंसारख्या, इंग्रजीत म्हणाल्या:

"नो रिपीट्स, बॉबी."

पेन खाली पडलं. कुणी उचललं नाही. रॉबर्टने आईचा तो पुढे केलेला हात धरला आणि त्यावर डोकं टेकवलं. त्या दुसऱ्या हाताने त्याचे विरळ केस थोपटत होत्या, जरा नाराजीनेच. नियम मोडला होता ना त्याने.

बऱ्याच वेळाने त्याने फोल्डर मिटलं. "वरचा मजला नको," तो नैनाला म्हणाला. "आत्ता नको. मी डॉक्टरांशी बोलतो. पुढच्या गुरुवारपर्यंत मी इथेच आहे."

"शुअर," नैना म्हणाली आणि पटकन बाहेर गेली. कॉरिडॉरमध्ये ती नाक पुसत उभी होती.

मावशींना गालिच्यावरून उठवायला मी आणि परत आत आलेली नैना, दोघी लागलो.

गाडीत बसल्यावर त्यांनी सीटबेल्ट लावलाच नाही. मी गाडी सुरू केली नाही.

"मी तिला तोडलं. पाहिलंस ना तू?"

"हो."

"इतकी वर्षं तिथे राहून." त्यांनी डोळे मिटले. "सगळं घालवलं होतं मी, रुचा. एका अक्षरासाठी."

"पण त्या जिंकल्या ना, मावशी."

"जिंकली कसली? त्याची पाळी बाकी आहे अजून." त्यांनी डोळे उघडले. सीटबेल्ट लावला. "पुढच्या गुरुवारपर्यंत यो-वरून एक गाणं पाहिजे त्याला. तू शोधून दे यूट्यूबवर."

"मी? मला कुठे जपानी येतं? तुम्ही द्या की."

"वा गं! मी कशी देईन?" मावशी म्हणाल्या. "मी विरुद्ध पार्टीत आहे."