आबांना मी होल्डवर ठेवलं

हे बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगता सांगताच मनात येतंय, हा माणूस कुठे बोलणार तर नाही ना? बघा, असा मी. संशय घेतल्याशिवाय मला घास उतरत नाही.

पोटापाण्यासाठीही तेच करतो. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट हातात घ्यायचा, माप बघायचं, जरा शंका आली की पिवळा टॅग — होल्ड. चुकीचा पार्ट पुढे गेला तर नोकरीवर येतं. होल्ड केला म्हणून मला आजवर कुणी ब्र शब्दानं बोललेलं नाही. अडकून पडला पार्ट, तर पडला. त्याला काय दुखतंय?

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं... थांबा, नीट सांगतो.

आबा गावी दादाकडे, थोरल्या भावाकडे असायचे. मी भोसरीत. गुरुवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा जाऊन त्यांची दाढी करायचो. फुप्फुसं पार गेलेली, दोन पावलांत धाप लागायची. अशाच एका गुरुवारी, अर्ध्या गालाला साबण असताना, ते म्हणाले, "मला मशिनीवर टाकू नका. माझ्या खाटेवर जाऊ द्या. थोरल्याला न्हाई सांगवत, त्यो लगीच रडतो. तू ध्यानात ठेव."

"व्हय आबा," म्हणालो मी.

महिन्याभरात श्वास कोंडला. दादानं घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं, मी पोचेपर्यंत श्वासाचं मशीन लागलंही होतं. नळी उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले. चौथ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. आता सुधारणा होणार नाही, म्हणाल्या. घरी न्यायचं तर त्रास होऊ नये अशी औषधं देऊ. पण त्यांची स्वतःची काय इच्छा होती? दादा माझ्याकडे वळला. "नेऊया का रे घरी? आबा तुला कधी काय बोलले होते?"

आता आदल्या दिवसाचं ऐका. मी कपडे आणायला गावी गेलो होतो. आबांची खाट अंगणात भिंतीला उभी, विणीची नवार सोडून तिचा ढीग घातलेला. माणूस अजून जिता आहे — आणि यांनी खोली रिकामी करायला घेतली? डोकंच फिरलं माझं. वहिनी कंटाळली असणार, दादा तिच्या मुठीत, सगळं जुळलं. तिथल्या तिथे विचारायला तोंड नव्हतं का मला? होतं. नाही विचारलं.

आणि डॉक्टरबाईंसमोर म्हणालो, "न्हाई. काहीच बोलले न्हाईत."

धडधडीत खोटं.

दादानं मग घरी न्यायचं सोडून दिलं. त्यानंतर नऊ दिवस आबा तसेच मशीनवर. गुंगीतून मधेच डोळे उघडायचे, माझ्याकडे बघायचे, बांधलेला हात जरासा हलवायचे. आठवण देत होते का? दुसरं काय देणार? मी मशीनवरचे आकडे वाचत उभा राहायचो. शिवाय भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या कानात सोडलं — दादाला जरा घाईच झालीय. हे मी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये, चहा पिता पिता बोललो. दहाव्या दिवशी आबा तिथेच गेले.

दिवसकार्याला गावी गेलो, तर पडवीत खाट. नवी कोरी नवार, ताणून विणलेली. वहिनी म्हणाली, "खाटेला झोळ पडला होता, आबांची पाठ दुखायची. घरी आणायचंय म्हणून दोन दिवस बसून विणली ह्यांनी."

पाहुण्यांचं बोलणं तोवर दादापर्यंत पोचलं होतं. सगळे उठून गेल्यावर त्यानं माझा हात धरला. रडत होता. "बरं झालं तू अडवलंस. लोक म्हणतात ते खरं हाय. मीच आबाला मारायला निघालो होतो."

आणि मी काय केलं? त्याच्या पाठीवर हात ठेवला, नि म्हणालो, "जाऊ दे दादा. होतं असं."

याला तीन वर्षं झाली. त्याला अजून तसंच वाटतं.