नानांच्या कपाटातली नापास विमानं

सांगलीहून सुलाबाईंचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात धुतलेल्या पडद्यांच्या घड्या घालत होते. "आवं बाई, नाना गेलं वो… चहा घिऊन हाका मारतीया, तर ओच देईनात." नाना म्हणजे माझे धाकटे दीर, तुमचे नाना आजोबा; सुलाबाई त्यांच्या घरचं काम बघायच्या. तुम्हाला कळवलं तेव्हा ईरा, तू रडलीस. अर्णव, तू रडू आवरत विचारलंस, "आजी, मग आमचं विमान पास झालं का नापास?" मला नानांचा रागच आला. दोन लहान मुलांना वर्षभर टांगून ठेवायचं आणि उत्तर न देताच निघून जायचं, ही कुठली रीत?

नाना पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर धातूची, तळहातावर मावतील अशी प्रवासी विमानं जमवू लागले. त्यांना कुणी खेळणी म्हटलं की ताटावरून उठायचे, म्हणून मी मुद्दाम खेळणीच म्हणायचे. नवं विमान आलं की डोळ्याला भिंग लावून त्याची रंगरंगोटी, त्यांच्या भाषेत लिव्हरी, खऱ्या विमानाच्या फोटोंशी ताडून बघत बसायचे. पट्टा खिडक्यांच्या खालून जायचा तो खिडक्यांवरून गेला, शेपटीचा लाल जरा गुलाबीकडे झुकला, की नापास! पास झालेली विमानं कपाटात काचेकडे तोंड करून, नापास झालेली भिंतीकडे तोंड करून. सत्तरीचा माणूस विमानांना कोपऱ्यात उभं करत होता, आणि दर रविवारी फोन करून मला त्यांचे गुन्हे ऐकवत होता.

"वहिनी, या लोकांना मोर रंगवायला दिला तर पाय निळे करून ठेवतील."

"नाना, विमान आतून पाहिलंय का कधी?"

"आत काय बघायचंय? रंग बाहेर असतो."

तुमच्या बाबांनी तिकडे परदेशात बोलावलं तेव्हा हेच महाशय म्हणाले, की तिकडच्या विमान कंपनीने विमानं नव्याने रंगवलीत, असल्या भिकार रंगात मी बसणार नाही. मी म्हटलं, अहो, आत बसल्यावर रंग दिसतो कुठे? तर म्हणे, "मला नाही दिसणार. पण त्यात चढताना मी लोकांना दिसेन ना!" मी फोन ठेवून दिला.

मग त्यांच्या वाढदिवसाला तुम्ही त्याच कंपनीचं तळहाताएवढं विमान पाठवलंत. तुम्ही फोनवर निकाल विचारायचात आणि ते दर वेळी म्हणायचे, "अजून तपासतोय." दिवसकार्य उरकल्यावर मी सांगलीला त्यांच्या घरी राहिले. म्हटलं, कपाट उघडून तुमच्या विमानाचं तोंड कुठे आहे ते पाहिलं की झालं. उघडलं आणि कपाळाला हात लावला. सगळीच्या सगळी विमानं काचेकडे बघत होती!

"भेटाय मान्सं यायची, आन ही निम्मी रुसल्यावानी भिताडाकडं बगत हुती," सुलाबाई म्हणाल्या. "लय वंगाळ दिसत हुतं. म्हनून दिली फिरवून."

म्हणजे भेटायला आलेली मंडळी नापास विमानांचंही तोंडभर कौतुक करून, चहा पिऊन गेली होती. "किती कलासक्त होते हो नाना!" त्यांतल्या एकालाही धड एक चूक दिसली नव्हती. मला पसारा खपत नाही, मग तो पास-नापासाचा का असेना. भिंग घेऊन बसले आणि एकेक नापास विमान पुन्हा भिंतीकडे फिरवलं. याचा पट्टा, त्याची अक्षरं… सगळं आठवत होतं. इतकी निरुपयोगी माहिती माझ्या डोक्यात भरून ठेवल्याबद्दल नानांना मनातल्या मनात खूप बोलले.

तुमचं विमान मात्र कपाटात नव्हतंच.

"त्ये व्हय? त्ये उशाला असतंय की, स्टुलावर."

पलंगाशी, भिंतीला लागून स्टूल होतं. त्यावर विमान भिंतीला समांतर, आडवं ठेवलेलं, डावी बाजू पलंगाकडे. उचलून पाहिलं. डाव्या बाजूला शेपटीजवळ झेंडा, त्यातला चांदण्यांचा चौकोन नाकाकडे. बरोबर, विमान पुढे जाताना झेंडा तसाच फडकेल. उजव्या बाजूला मात्र चांदण्या शेपटीकडे, म्हणजे विमान पुढे चाललंय आणि झेंडा उलटा उडतोय. अगदी याच चुकीसाठी नानांनी नापास केलेलं एक विमान मी तासाभरापूर्वीच भिंतीकडे फिरवलं होतं.

"सुलाबाई, ही उजवी बाजू पलंगाकडे कधी नसायची?"

"न्हाई वो. पुसताना जरा फिरलं तरी वरडायचे, 'सुले, हुतं तसं ठिव!'"

तर अर्णव, ईरा, तुमचं विमान नापास आहे. पुढच्या वेळी काही घेताना दोन्ही बाजू बघून घ्या. आणि हे नानांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. जन्मभर रेघेरेघेवर भांडलेला माणूस, चूक तेवढी भिंतीकडे करून, उरलेली बाजू बघत रोज झोपत होता. एवढा लबाड परीक्षक मी दुसरा पाहिलेला नाही.

विमान मी साताऱ्याला घेऊन आले. माझ्या टेबलावर आहे, भिंतीला लागून, आडवं. रोज सकाळी त्यावरची धूळ पुसते… डाव्या बाजूची तेवढी.