गडूभर गंगा

गोदावरीच्या घाटावर एक बाई तांब्याचा गडू भरत होत्या. पाण्यावरचा फेस त्यांनी हाताने हलकेच बाजूला सारला, दुधावरची साय सारावी तसा. नाशिकला आलं की घरच्या देवांसाठी गंगा न्यायची, ही त्यांच्याकडची रीत. आम्ही इथलेही गोदेला गंगाच म्हणतो. तिच्या पाण्यावर आमचे मळे पिकले, शहर वाढलं, आणि त्याच शहराचं सांडपाणी आम्ही तिच्यात सोडतो.

न राहवून मी म्हटलं, "मावशी, हे पाणी पिऊ नका हं."

"पीत नाही बाई, देवाला आंघोळ घालायचीय." मग गडूत डोकावत त्यांनी विचारलं, "देवाला चालंल ना?"

"चालेल," मी म्हणाले.

माझ्या घरचे देव फिल्टरच्या पाण्याने न्हातात.