रंगनाथने दाखवलेलं विद्यापीठ

रंगनाथ गेल्याचं मला त्याच्या मुलाने, सुनीलने, फोनवर सांगितलं. सकाळी चहा पिऊन अंगणात बसले होते, बसल्या जागीच गेले, एवढंच तो म्हणाला. मी कोपरगावला पोहोचलो तेव्हा गोदावरीच्या काठावरून माणसं घरी परतत होती. त्याला आता महिना उलटून गेला. या महिन्यात मला रंगनाथ आठवतो तो मोठा बागायतदार म्हणून नाही. आम्ही दोघं राहुरीजवळच्या कृषी विद्यापीठात एका खोलीत राहत होतो, त्या दिवसांतला विशीतला रंगनाथ डोळ्यांसमोर येतो.

सत्तरीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि विद्यापीठही नवंच होतं. जिकडे तिकडे खडीचे ढीग, अर्धवट बांधकामं, मुरमाचे रस्ते आणि काट्यांच्या कुंपणात जीव धरून असलेली वीतभर रोपं. मी नगरच्या मिशन शाळेतल्या मास्तरांचा मुलगा, म्हणून रंगनाथ मला ‘मास्तर’च म्हणायचा. शेतकी शिकून नोकरी धरायची एवढंच माझ्या डोक्यात होतं. या माळावर बघण्यासारखं काही असेल असं मला वाटलंही नव्हतं. रंगनाथ मात्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं पायाखाली घालून आला. “आमच्याकडं ऊस डोक्याच्या वर गेला की बांधापलीकडचं काय दिसत न्हाई,” तो म्हणाला. “हितं बघ, कसं लांबवर दिसतंय.” मग दर रविवारी तो कोणाला तरी घेऊन निघायचा. नवी मुलं, कोणाचे पाहुणे, एकदा तर मेसचा आचारीसुद्धा. मुख्य इमारतीची दगडी कमान सकाळच्याच उन्हात बघायची, फळबागेत मोसंबीला बहर आलेला असताना बोलायचं नाही, जुन्या बांधीव विहिरीत खडा टाकून कबुतरं उडवायची नाहीत, असे त्याचे नियम होते. गोठ्यातल्या संकरित गाई बघून झाल्या की सगळ्यांत शेवटी मागची टेकडी. तिच्या माथ्यावरून पश्चिमेला मुळा धरणाचं पाणी दिसायचं, एखादं धोतर वाळत घालावं तसं.

दुसऱ्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. रोपांना टँकरने पाणी घालू लागले, मेसमध्ये मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी सुरू झाल्या. त्यातच रंगनाथचा थोरला भाऊ आपला हिस्सा घेऊन वेगळा झाला आणि एका दुपारी त्याचे वडील, आबा, रंगनाथला घरी न्यायला आमच्या खोलीवर आले. उंच, काटक माणूस. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “मी एकटा पडलोय. कालव्याला पानी येईल तवा येईल, पन रान राखायला मानूस पायजे. चल.”

रंगनाथने आबांचा रिकामा तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाला, “येतो. पन आज मुक्काम करा. माझ्यासंगं एकदा फिरून बघा.”

मीही सोबत निघालो. कमान बघून आबांनी दगड कुठल्या खाणीचा ते विचारलं. बागेत त्यांनी झाडांच्या बुडाची माती चिमटीत धरून पाहिली. गोठ्यात तर ते इतके रमले की मला वाटलं, जमलं... आता मुलाला ठेवतील. टेकडी चढताना मात्र त्यांना दम लागला. वर पोहोचल्यावर त्यांनी चहूकडे पाहिलं.

“हितं काय पिकतं?”

“काय न्हाई.”

“मग कशाला आनलंस?”

“बघायला.”

आबा एका दगडावर टेकले. धरणाचं पाणी त्या वर्षी आटून सुतळीएवढं दिसत होतं, पण उतरत्या उन्हात ते चकाकत होतं. मग आबा म्हणाले, “मला वाटलं, तू हितं नोकरीसाठी शिकतोयस. तुला तर हितं आवडतंय.” आणि थोड्या वेळाने, रंगनाथकडे न बघता, “आवडतंय म्हनून ठिवता आलं असतं तर ठिवलं असतं रे.”

सकाळी रंगनाथने ट्रंक भरली. मी चिडलो होतो. नाही म्हण, असं मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “रानाला पानी देताना एकट्याला बारं धरता येत न्हाई मास्तर, वयबी झालंय त्यांचं.” एसटी आली, आबांनी ट्रंक स्वतः उचलून टपावर चढवली. मुलाला हात लावू दिला नाही.

तो परत शिकायला आला नाही. मी पदवी घेतली, तिथेच नोकरीला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. रंगनाथ मात्र दरवर्षी एकदा यायचा. बियाणं न्यायचं निमित्त असायचं, पण पिशवी माझ्या दारात ठेवून तो आधी फिरायला निघायचा. लग्नानंतर मंदावहिनींना घेऊन आला. “देवाला जाऊ म्हणाले आणि गोठा दाखवला,” असं त्या अजूनही सांगतात. एकदा मी त्याला विचारलं, वाईट नाही का वाटत? “वाटायचं. पयली दोन वर्षं लई वाटायचं,” तो म्हणाला. “इकडं यायचंच न्हाई असं ठरवलं हुतं. मग म्हनलं, पदवी गेली, पन बघायला कोन अडवतंय?”

आबा थकल्यावर त्यांनीच एकदा सांगितलं, मला तिकडं ने. तोवर रस्त्याची झाडं वर एकमेकांना भिडली होती. टेकडी त्यांना चढवेना. मी त्यांच्याजवळ पायथ्याशी बसलो. रंगनाथ एकटा वर गेला.

“पानी हाय का रं?” आबांनी खालून विचारलं.

“हाय, आबा. भरलंय,” वरून आवाज आला. आबांनी डोळे मिटून मान हलवली.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा कोपरगावला गेलो. मंदावहिनी म्हणाल्या, घरात काय बसायचं, मळ्यात चला. उसात खुरपणी चालू होती, सुनील मोटारीपाशी काहीतरी दुरुस्त करत होता. दिवस कलला तशा बायकांनी कोणी न सांगताच खुरपी खाली ठेवली आणि त्या कालव्याच्या भरावावर ओळीने, मावळतीकडे तोंड करून बसल्या. सुनीलही हात पुसत आला. मी वहिनींकडे पाहिलं.

“ते रोज बसवायचे सगळ्यांना,” त्या म्हणाल्या. “काम अर्धं असलं तरी. आता मी सांगत नाही कुणाला, पण बसतात.”

एक म्हातारी थोडी सरकली. “बसा की,” म्हणाली.

मी बसलो. सूर्य पार बुडेपर्यंत कोणी उठलं नाही.