कानात अजान पडेपर्यंत

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कळलं की आमच्या बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. कोल्हापुरातल्या डॉक्टर मॅडमनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सावकाश समजावलं. जिवंत जन्मलं तरी काही मिनिटं, फार तर काही तास. गर्भ काढून टाकायला कायद्याची आडकाठी नाही, हेही सांगितलं. त्यांनी कसलीही घाई केली नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

आम्ही बाळ ठेवायचं ठरवलं. हुपरीला घरी परतताना एसटीत मिस्टर एवढंच म्हणाले, "जीव आलाय त्यात. देणारा तो, नेणारा तो. आपण मधे कशाला?" माझ्याही मनात तेच होतं. इचलकरंजीत मागावर पाळ्या करून वडिलांनी मला शिकवलं. घरातली पहिली पदवीधर मी. नमाजही त्यांनीच शिकवली. त्या दोन्हींचं माझ्या मनात कधी भांडण झालं नाही, तेव्हाही झालं नाही. मी अडकले ते वेगळ्याच ठिकाणी.

घरी सगळं सांगितलं, पण सासूबाईंनी, म्हणजे आम्मींनी, त्यातलं एकच वाक्य ऐकलं.

"ठेवताय न्हवं? मग झालं. अल्ला बघतोय की."

त्यांच्या लेखी बाळ ठेवणं म्हणजे ते बरं होणार याची खात्री. नाहीतर ठेवलं कशाला? त्यांनी दर्ग्यात चादर चढवायचा नवस बोलला. शेजारी, पाहुणे, सगळ्यांना सांगून झालं. सातव्या महिन्यात ओटी भरायला गल्लीतल्या बायका जमल्या. हिरवा चुडा भरला. आमच्या माडीवर चांदीचं काम चालतं, तिथे बसून आम्मींनी स्वतः घडवलेले वाळे माझ्या ओटीत घातले.

"आगं बया, एवढं मोठं?" शेजारच्या काकू ओरडल्या. "पोर हाय का पैलवान?"

"वर्साच्या मापाचं केल्यात," आम्मी म्हणाल्या. "तवर खुळखुळा म्हणून वाजवू की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार होते? डोळ्यांत पाणी आलं की आम्मी दटावायच्या, "रडू नगंस. इमान कच्चं दिसतंय." माझी आईही फोनवर तेच सांगायची. ज्या विश्वासाने मी बाळ ठेवलं, त्याच विश्वासाचं नाव घेऊन घरात त्याच्या मरणाबद्दल बोलायची बंदी झाली होती. बाळ पोटात लाथ मारायचं तेव्हा आम्मी हात ठेवून म्हणायच्या, "बघ, कसं दणकट हाय!" आणि मी मान डोलवायची.

मला मात्र एकच काळजी होती. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान देतात. पुसून, गुंडाळून त्याला बाहेर आणतात, मग बाप सावकाश देतो. आमच्या बाळाला तेवढा वेळ मिळेल याची खात्री नव्हती. त्याने जिवंतपणी अजान ऐकावी, यापलीकडे मी काही मागत नव्हते. त्यासाठी मिस्टर बाळंतपणाच्या खोलीतच हवे होते.

नवव्या महिन्यात तपासणीला आम्मी सोबत आल्या होत्या. त्यांच्या देखत मी मॅडमना विचारलं, "त्या वेळी यांना आत घ्याल का? अजान द्यायची आहे."

"पुरुषांना आत घेत नाही हो. बाळ बाहेर आणून देतो की आम्ही."

"मग काय?" आम्मी म्हणाल्या. "भाईर दील त्यो. कशाला गडबड?"

आता बोलणं भागच होतं.

"बाहेर नेईपर्यंत ते राहायचं नाही, आम्मी."

आम्मी मॅडमकडे वळल्या. "शिकल्याली हाय, म्हणून आसं बोलती. तुम्ही सांगा, बरं हुतंय न्हवं पोर?"

"नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "सून खरं बोलतेय." मग मला म्हणाल्या, "मिस्टरांना आणा. मी बघते."

परतताना आम्मी एसटीत दुसऱ्या बाकावर बसल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भाकरीवर तूप घालून ताट समोर ठेवायच्या आणि निघून जायच्या. त्याच घरात, त्याच पोटासह मी दिवस काढत होते. माहेरीही वेगळं काही ऐकायला मिळणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पळून कुणापासून जाणार?

मुलगी झाली. डोक्याला टोपी घातली होती. मॅडमनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. मिस्टर दवाखान्याचा गाऊन उलटा घालून आत आले, वाकले. पहिल्याच ओळीला ते अडखळले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मी फक्त तिची छाती बघत होते. ती हलत होती. अजान संपली तरी हलत होती. मग थोड्या वेळाने थांबली.

बाहेर आम्मींनी मुलाला विचारलेलं मला आत ऐकू आलं.

"ऐकली तिनं?"

"ऐकली."

"पुरी?"

"पुरी, आम्मी."

मग त्या आत आल्या, नातीला मांडीवर घेतलं आणि मोठ्याने रडू लागल्या. मीही रडत होते, पण या वेळी त्या मला "रडू नगंस" म्हणाल्या नाहीत.